गव्हाणी घरात आली ती कथा

आगमनकाळाचा दुसरा रविवार उलटला की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून एक उद्गार हमखास ऐकू येतो, "यंदा काही वेळेवर होईलसे दिसत नाही!" हा उद्गार काढणारी व्यक्ती बहुधा त्या घरची गृहिणी असते. भिंतींना रंग, पडदे, फराळ, केक, मुलांचे कपडे, पाहुण्यांची यादी, दारावरची चांदणी आणि या सर्वांवर कळस म्हणून गोठा. मध्यरात्रीच्या मिस्सेला ती पोहोचते तेव्हा गायकवृंद देवदूतांचे गीत गात असतो आणि तिचे डोळे मात्र झोपेने मिटत असतात.

घरी सण साजरा करायचा म्हणजे एवढे ओझे वाहायलाच हवे काय? या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा इतिहासाने दिलेले बरे. ज्या गोठ्यापायी आज आपली कंबर मोडते, तो मुळात घरात आला कसा, एवढे पाहिले तरी पुष्कळ उलगडा होतो.

गोठ्याची कथा इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावापासून सुरू होते. साल १२२३. नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी असिसीच्या संत फ्रान्सिसने तेथील योहान नावाच्या आपल्या एका स्नेह्याला निरोप धाडला. बेथलेहेमातील बाळाची अडचण, ते गवतावर कसे निजले होते, हे आपल्याला या डोळ्यांनी पाहायचे आहे, अशी त्याची इच्छा होती. योहानाने तयारी केली ती किती? एक गव्हाण, थोडे वाळलेले गवत, एक बैल आणि एक गाढव. बस्स! चेलानोच्या थॉमसने संताच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग सविस्तर आला आहे. त्यात मूर्तींचा उल्लेख नाही, मरिया आणि योसेफ यांची सोंगे घेतलेल्या माणसांचाही नाही. त्या गव्हाणीवर मिस्सा अर्पण झाली. फ्रान्सिस उपयाजक होता, त्याने शुभवर्तमान गाऊन वाचले आणि प्रवचन केले. गावकरी स्त्री-पुरुष मशाली आणि मेणबत्त्या घेऊन रानातून आले. रोषणाई होती ती एवढीच आणि तीही ज्याने त्याने आपापल्या हातांतून आणलेली.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानात कोठेही नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून, जेथे बैल आपल्या धन्याला आणि गाढव आपल्या गव्हाणीला ओळखते, असे म्हटले आहे. ख्रिस्ती चित्रकारांनी त्यांना फार पूर्वीच बाळापाशी आणून उभे केले होते. तेव्हा दुकानातून आणलेल्या संचातला बैल शिंग मोडून बसला म्हणून घरात कोणी अश्रू ढाळू नयेत!

ग्रेच्चोनंतरच्या शतकांत गव्हाणी इटलीतील चर्चेसमध्ये स्थिरावली आणि हळूहळू मूर्तींनी भरत गेली. १५६२ साली येशूसंघीयांनी ती प्रागच्या चर्चमध्ये मांडली. अठराव्या शतकात नेपल्सच्या राजदरबाराने तिला असे काही नटवले की, बाळ येशू शोधावा लागे. बूर्बोन घराण्याचा राजा कार्लो याला या मांडणीचा भारी षोक होता, आणि त्याची राणी मूर्तींसाठी वस्त्रे शिवत असे, असे सांगतात. रेशमी कपडे घातलेले सरदार, मासळीवाले, खाणावळवाले, भाजीच्या टोपल्या, माकडे, वाद्यवृंद! कलाकृती म्हणून त्या गव्हाणी अप्रतिमच आहेत, आजही संग्रहालयांत पाहणाऱ्याचे भान हरपते. परंतु एका सरदाराच्या घरची पाहून दुसऱ्याने तिच्याहून मोठी करायची, ही चढाओढही तेथेच रंगली. आपल्याकडील गोठ्यांच्या स्पर्धांत पाण्याचे धबधबे आणि मोटारीवर फिरणाऱ्या पवनचक्क्या दिसतात, तेव्हा मला ग्रेच्चो आठवत नाही, नेपल्स आठवते. तरुणांनी एकत्र येऊन गावाचा गोठा उभारावा, त्यात रात्री जागवाव्यात, हे उत्तमच. पण तोच मापदंड प्रत्येकाच्या बैठकीच्या खोलीला लावला की घरच्या माणसांचे हाल होतात.

मग सामान्य माणसाच्या घरात गव्हाणी आली केव्हा? हा या कथेचा सर्वांत हृद्य भाग आहे. ती श्रीमंतीतून आली नाही. पुष्कळ ठिकाणी ती बंदीतून आली.

ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ हा सुधारणावादी होता. भाविकांच्या चालीरीतींमधला 'बालिशपणा' त्याला खपत नसे. १७८२ साली त्याने चर्चमध्ये गव्हाणी मांडण्यास मनाई केली. लोकांनी काय करावे? त्यांनी त्या मूर्ती घरी नेल्या. टिरोलच्या डोंगरातील शेतकरी हिवाळ्याच्या लांबच लांब रात्री लाकूड कोरून मेंढपाळ आणि मेंढरे घडवू लागले. सम्राटाने चर्चचे दार बंद केले आणि शेकडो घरांची दारे उघडली गेली.

दक्षिण फ्रान्समध्ये, प्रोव्हाँस प्रांतात, याहून बिकट प्रसंग आला. राज्यक्रांतीच्या ऐन भरात, १७९३ च्या सुमारास, चर्चेस बंद पडली आणि मध्यरात्रीची मिस्सा थांबली. तेव्हा कुटुंबांनी आपापल्या घराच्या कोपऱ्यात लहानशी गव्हाणी मांडायला सुरुवात केली. मार्सेयचा झाँ-लुई लान्येल हा कारागीर त्यांच्या मदतीला आला. त्याने साचे तयार करून मातीच्या वीतभरही नसलेल्या मूर्ती घडवल्या. स्वस्त, बिनभाजलेल्या, रंगवलेल्या. त्यांना तिकडे 'साँतों' म्हणजे 'छोटे संत' म्हणतात. आणि हे छोटे संत होते तरी कोण? गावचा पाववाला, कोळीण, चाकूला धार लावणारा, सरपणाची मोळी घेतलेली म्हातारी. ज्या गावात गव्हाणी मांडली त्याच गावातली माणसे बाळाच्या भेटीला निघालेली. १८०३ साली मार्सेयमध्ये साँतोंची पहिली जत्रा भरली, ती परंपरा आजतागायत चालू आहे. एका कुटुंबाने एका वर्षात सगळा संच विकत घेण्याची पद्धत तेथे नव्हती. दरवर्षी जमेल तशी एखाद-दुसरी मूर्ती वाढायची आणि आजीच्या वेळची नाक उडालेली कोळीण नातवंडे मोठ्या प्रेमाने मांडायची.

त्याच प्रांतातील आणखी एक रीत आपल्याला जवळची वाटेल. चार डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत ओल्या कापसावर गहू पेरतात. नाताळपर्यंत कोवळे हिरवे रोप वीतभर वाढते आणि तेच गव्हाणीपुढचे शेत होते. घटात धान्य रुजवणाऱ्या आपल्या भूमीला हे नवीन नाही. आपल्याकडेही अनेक घरांत गोठ्यासाठी गहू वा नाचणी पेरली जाते. थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, तेव्हा गोठा आता कशाचा करायचा म्हणून कित्येकांना घोर पडला होता. मूठभर गहू, शेतातला पेंढा, थोडी माती हे उत्तर तर अंगणातच होते. शिवाय त्या बशीला रोज पाणी घालण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे सोपवता येते. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणे, हे त्याला दहा प्रवचनांपेक्षा त्या बशीतून लवकर कळते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. वसईला पोर्तुगीज अंमल १५३४ साली आला आणि येथे प्रथम सुवार्ताकार्य केले ते फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी, म्हणजे ग्रेच्चोच्या संताच्याच अनुयायांनी. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज धर्मगुरू गेले आणि पुढे चर्चेस सांभाळण्याचा भार देशी धर्मगुरूंवर आला. त्या पडत्या काळात घरांतील प्रार्थना आणि सणवार यांनीही ही श्रद्धा जागती ठेवली असणार. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेही ओवीबद्ध, म्हणजे मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे असेच. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी बसून ऐकायचे, यापरते बिनखर्चाचे साजरेपण दुसरे कोणते? चोवीस तारखेच्या संध्याकाळी दूरदर्शन संच तासभर बंद ठेवून येशूजन्माचा भाग वाचण्याची प्रथा ज्या घरांत आहे, त्या घरांतील मुलांना तो पुढे पाठच होतो.

फराळाचा इतिहासही असाच बोलका आहे. गोव्यात नाताळच्या मिठाईला 'कोंसवाद' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'कोंसोआदा'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ उपवासाच्या दिवशी संध्याकाळी घ्यायचा हलका आहार असा आहे. होय, हलका आहार! चोवीस डिसेंबर हा ख्रिस्तसभेच्या नियमानुसार उपवासाचा आणि मांसवर्ज्य दिवस होता. १९५९ साली परमगुरू तेविसावे योहान यांनी तो उपवास तेवीस तारखेला करण्याची मुभा दिली आणि १९६६ साली सहाव्या पौलांच्या नव्या नियमांनी त्याचे बंधन उठले. पिढ्यान् पिढ्या आपल्या आज्या-पणज्यांच्या चुलीवर त्या दिवशी मेजवानी शिजत नव्हती. आज आपण त्याच दिवशी बिर्याणी, रोस्ट आणि तीन प्रकारचे केक यांच्या मागे धावतो. नियम उठला म्हणून पेज आणि भाजी करण्यास कोणी बंदी तर घातलेली नाही.

कोंसवाद या शब्दाला गोव्यात दुसरा अर्थ चिकटला, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायच्या ताटाचा. दोदोल, नेवऱ्या, कुलकुल यांची ताटे ख्रिस्ती घरांतून हिंदू घरांत जात आणि चतुर्थी-दिवाळीला तीच ताटे करंज्या-लाडवांनी भरून परत येत. ज्या घरी दुःख झाले असेल तेथे गोडधोड रांधत नसत, तेथे शेजारणी ताट पोहोचवीत. कुलकुलांचा घाट तर मुळातच एकट्या बाईने घालण्याचा नव्हे. कणकेची बोटभर गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ कंगव्यावर दाबून गुंडाळायची, हे काम आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी पाटाभोवती बसून करायचे. शंभर कुलकुल एकटीने वळणे ही शिक्षा आहे, सहाजणांनी वळणे ही मैफल. एका घरी कुलकुल, दुसऱ्या घरी करंज्या, तिसऱ्या घरी दोदोल, आणि मग वाटावाटी! तीन घरांच्या तीन गृहिणींचे दोन-दोन दिवस वाचतात.

सोयीचे ओझे कसे होते, याचे एक गमतीदार उदाहरण इंग्लंडमधले आहे. हेन्री कोल हे लंडनमधील एक अतिशय कार्यमग्न सरकारी अधिकारी. एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय १८४० साली झाली आणि त्यांच्या टेबलावर नाताळच्या पत्रांचा ढीग पडू लागला. प्रत्येकाला उत्तर लिहायला वेळ कुठला? १८४३ साली त्यांनी चित्रकार हॉर्सली यांच्याकडून एक शुभेच्छापत्र काढून घेतले आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. जगातले पहिले छापील नाताळकार्ड ते हेच मानतात. म्हणजे कार्ड जन्मले ते श्रम वाचवण्यासाठी. पुढे शंभर-दीडशे वर्षे माणसे रात्री जागून कार्डांच्या याद्या करीत बसली, आणि आता भ्रमणध्वनीवर येणाऱ्या तीनशे संदेशांना उत्तरे देत बसतात. हॉर्सली यांनी त्या कार्डाच्या मध्यभागी मेजवानी करणारे कुटुंब रंगवले होते, आणि दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र देणारी माणसे. नंतरच्या बहुसंख्य कार्डांतून या दोन बाजू गळाल्या, हे मात्र खटकते.

पोलंडमधील कुटुंबे नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या मेजावर चादरीखाली मूठभर गवत पसरतात, एक पातळ भाकर मोडून सर्वांना देतात आणि एक ताट रिकामे ठेवतात, न बोलावता येणाऱ्या पाहुण्यासाठी. हे येथे सांगण्याचे कारण असे की, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक स्त्रिया आणि मुले. सैबेरियाच्या यातना भोगून आलेल्या या लोकांनी तेथे शाळा चालवल्या, चर्च उभारले. ज्यांचे घर, गाव, पुष्कळांचे पुरुषही हरपले होते त्यांच्यापाशी उरलेल्या सणाला गवत, भाकर आणि एक रिकामे ताट एवढेच लागत होते. कोल्हापूरच्या मातीत या तिन्हींची वाण नव्हती.

आपली बरीचशी दगदग आणखी एका विस्मरणातून येते. नाताळ हा एका रात्रीचा सण नव्हे. पंचवीस तारखेला तो सुरू होतो, संपत नाही. ज्ञानी पुरुषांच्या मूर्ती पहिल्याच रात्री गोठ्यात ठेवण्याऐवजी त्या घराच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवून, प्रभुप्रकटनाच्या सणापर्यंत रोज थोड्या पुढे सरकवण्याची प्रथा अनेक देशांतील घरांत आहे. मुले त्यात इतकी रमतात की उंटांच्या मुक्कामावरून भांडणे होतात! सगळे पाहुणे, सगळे पदार्थ, सगळ्या भेटी पंचवीसच्या दुपारी कोंबण्याची गरज नाही. मावशीकडे अठ्ठावीसला जावे, केक एकतीसला कापावा.

आयर्लंडच्या कॉर्क आणि केरी परगण्यांत सहा जानेवारीला 'बायकांचा नाताळ' म्हणतात. त्या दिवशी घरची कामे पुरुषांनी करायची आणि बायकांनी मैत्रिणींकडे चहाला जायचे, अशी तेथील जुनी रीत आहे. आपल्याकडे तो दिवस सहा जानेवारीचाच असावा असे नाही, चोवीस डिसेंबरची भांडी घासण्यापासूनही सुरुवात करता येईल.

प्रोव्हाँसमधली घरची गव्हाणी मात्र सहा जानेवारीलाही उचलत नाहीत. ती दोन फेब्रुवारीपर्यंत, बाळ येशूला मंदिरात अर्पण केल्याच्या सणापर्यंत, तशीच असते. त्यानंतर नाक उडालेली कोळीण आणि तिचे सोबती कागदात गुंडाळून पेटीत जातात, आणि बशीतले गव्हाचे रोप परसात लावले जाते.