बांधाची राखण

पनवेलच्या खाडीकाठी आधी बांध आला आणि मग शेती आली, असं आमचे आजोबा सांगत. समुद्र दिवसातून दोनदा जिथे येऊन जातो, तिथे माणसाने चिखलाची भिंत घातली, भरतीला बाहेर ठेवलं आणि आतल्या खाजणात भात पिकवला. आज त्याच पट्ट्यात सिडकोच्या वसाहती, कंटेनरचे यार्ड आणि विमानतळ आहे. जमिनीची उंची मात्र भराव घातला तेवढीच वाढली; खाडीची भरती आणि माथेरानच्या डोंगरातून उतरणारी गाढी नदी आपापल्या जागी आहेत. म्हणून त्या बांधाची गोष्ट जुनी झाली, असं मला वाटत नाही.

आजोबांना बांधाची रचना तोंडपाठ होती. खाडीच्या बाजूला उतार लांबट, शेताच्या बाजूला थोडा उभा. आत पोटात घट्ट चिकणमाती. ठरावीक अंतरावर उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार. तिची झडप फक्त खाडीकडे उघडते. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, आणि भरती आली की खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करतं. नव्याने बांधलेल्या खाजणात पहिली काही वर्षं काही पिकत नसे. दर पावसाळ्यात गोडं पाणी साठवायचं, उघाडीतून सोडायचं आणि त्याबरोबर जमिनीतला खार थोडा थोडा धुऊन काढायचा. इतक्या मेहनतीने गोडी झालेली जमीन एका उधाणात पुन्हा खारी होई. बांधाला खांड पडून पाणी आत शिरलं की पुढचे दोन-तीन हंगाम हातचे गेले.

उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं. आषाढ-श्रावणातलं उधाण, वरून धो धो पाऊस आणि नैर्ऋत्येचा वारा एकत्र आले, की बांधावर रात्रीचा पहारा बसे. आजी लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने अशी एक रात्र पाहिली. खांड गेल्याची हाक आली आणि आळी रिकामी झाली. पुरुष छातीभर पाण्यात एकमेकांना खेटून उभे राहिले, त्यांच्या पाठीमागे बांबूचे कूड आणि पेंढ्याच्या मोळ्या रोवल्या गेल्या, आणि बायकांनी रांग लावून चिखलाची ढेकळं हातोहात पोचवली. कुणाचं शेत खांडीपासून किती लांब, हे त्या रात्री कुणी विचारलं नाही. आजोबा म्हणत, “पानी कवाच एकाच्या शेतान शिरत नाय, सगल्यांच्या शेतान शिरतं.”

ही नुसती भलमनसाई नव्हती. तिला व्यवस्था होती. रायगडच्या खारपट्ट्यात बांधाची सामाईक देखभाल करणाऱ्या गटाला जोळ म्हणत. जेवढं शेत तेवढं काम, आणि ज्या घरातून माणूस येणार नाही त्या घराने भात द्यायचं. इंग्रजी अमदानीत कुलाबा जिल्ह्यात शिलोत्रीची पद्धतही होती. बाहेरचा मोठा बांध घालून तो राखणाऱ्या शिलोत्रीदाराला कसणाऱ्यांकडून बिघ्यामागे भाताचा ठरलेला हिस्सा मिळे. खोत आणि सावकार त्या नात्यात कुळाला नाडत, हेही खरं. बांध कुणी राखायचा, याचं उत्तर मात्र त्या व्यवस्थेत स्पष्ट होतं.

स्वातंत्र्यानंतर हे उत्तर बदलणं भाग होतं. १९४८ मध्ये मुंबई प्रांताने कुळकायदा केला, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारी कुळं मालक ठरली. जमीन कुळाकडे आली. पण मैलोन्‌मैल बांध राखण्याची ऐपत एकेकट्या शेतकऱ्याकडे कुठून येणार? त्याच १९४८ साली खार जमिनींचा स्वतंत्र कायदा झाला होता. बांध बांधणं आणि दुरुस्त करणं हे त्यामुळे सरकारी काम झालं. पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राने खार जमीन विकासाचा नवा कायदा केला. सरकारचा ओव्हरसियर साखळी घेऊन बांध मोजायला आला त्या दिवसाचं वर्णन आजोबा सण आल्यासारखं करत. खाडीच्या अंगाला दगडाची पिचिंग झाली, उघाड्यांना पक्कं बांधकाम मिळालं. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या हाताने चिखल थापला, त्याच्या पाठीशी पहिल्यांदा राज्याची तिजोरी उभी राहिली होती.

तिजोरीबरोबर बियाणंही आलं. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे; ते आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. जुने लोक खाजणात राता नावाचा तांबडा, खार सोसणारा भात घेत. खार सोसण्याची तीच ताकद ठेवून जास्त उतारा देणारी वाणं या केंद्राने तयार केली. पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ या नावांनी ती ओळखली जातात. आपल्या गावाचं नाव भाताच्या पिशवीवर वाचताना वडिलांच्या चेहऱ्यावर जो अभिमान दिसे, तो मला अजून आठवतो. हवामान बदलाशी जुळवून घेणं हे शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हते. समुद्र आत येणार आहे हे धरून चालणारी शेती मात्र इथे सरकारी खर्चाने आणि शेतकऱ्यांच्या अनुभवाने उभी राहत होती.

मग बिनसलं कुठे? बांध सरकारचा झाला तशी राखणही सरकारची झाली, असं सगळ्यांनी धरून टाकलं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. तरुण कारखान्यांत आणि बंदरात कामाला लागले. जोळ नावापुरती उरली. खांड पडली की हाक देण्याऐवजी अर्ज लिहिला जाऊ लागला. आमच्या घरी ते अर्ज वडील लिहीत. अर्ज कचेरीत पोचायचा, पाहणी व्हायची, अंदाजपत्रक व्हायचं, आणि तोवर पाच-सहा उधाणं येऊन जायची. जी खांड एका रात्रीत पेंढा-चिखलाने बुजली असती, तिला वर्षाने यंत्र लागायचं.

खांड उघडी राहिली की आत खारफुटी, म्हणजे कांदळवन, उगवते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. २०२१ च्या वनस्थिती अहवालात महाराष्ट्रातलं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर भरलं, आणि त्यात रायगडचा वाटा मोठा आहे. हे काम मोलाचंच आहे. लाटेचा जोर मोडणारी, मासळीच्या पिलांना आसरा देणारी ती जिवंत भिंत आहे. तिच्या आधाराने गावांना खेकडापालनासारखे धंदे करता यावेत म्हणून सरकारची योजनाही आहे. पण फुटलेल्या बांधामागे ज्याच्या सातबाऱ्यावरच्या शेतात ही झाडं उगवली, तो आज ना भात लावू शकतो, ना झाड तोडू शकतो. वेळेत बुजवलेल्या खांडीने हा पेच टळला असता.

२६ जुलै २००५ ला राखणीचं मोल शहरालाही कळलं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे गाढी पात्राबाहेर आली आणि कळंबोलीसारख्या सखल वसाहतींत पाणी शिरलं. त्या दिवशी आमच्या एका वृद्ध आत्याने दुपारीच भाताची पोती माळ्यावर चढवायला लावली होती. नाल्यातलं पाणी खाडीकडे जायचं थांबून उलटं येतंय, एवढं तिला पुरेसं होतं. सिडकोने बांधलेले धारण तलाव याच ज्ञानावर चालतात: भरतीत दार बंद, पावसाचं पाणी तलावात, ओहोटीत दार उघडं. ती शहराच्या मापाची उघाडीच आहे. गाळाने भरलेल्या तलावात पाणी मावत नाही, जसं मोडक्या झडपेच्या उघाडीने शेत वाचत नाही.

डोंगराकडची गोष्टही वेगळी नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री, पनवेलच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नाव नव्हतं. सरकारने नंतर चौकजवळ वाचलेल्यांसाठी घरं बांधली. ते कर्तव्यच होतं. पण यादी करताना कोणत्या ओढ्याचं पाणी कधी गढूळ होतं, कोणत्या उतारावर भेगा दिसतात, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना बसून विचारण्याची पद्धत आपल्या आराखड्यांत पक्की हवी.

राज्याने काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जिल्हावार आपत्ती आराखडे करण्यात महाराष्ट्र पुढे होता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आदळलं. अशा वादळांचा तडाखा कमी व्हावा म्हणून चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून अलिबागला भूमिगत वीजवाहिन्या आणि पेण तालुक्यात नारवेल-बेनवलेचा खारबांध अशी कामं हाती घेतली गेली. पैसा, तंत्र, कायदा आणि इशारा या चार गोष्टी राज्यच देऊ शकतं. पाचवी गोष्ट, रात्री बांधावर जाऊन पाहणं, ही गावच करू शकतं.

नेदरलँड्समध्ये तेराव्या शतकापासून पाणी-मंडळं आहेत. तिथले लोक त्यांचे सदस्य मतदानाने निवडतात आणि बांधांसाठी वेगळी पट्टी भरतात. आपल्याकडेही जोळ होती. तिला कायद्यात जागा मिळाली पाहिजे: खारपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत निवडलेली बांध समिती, बायकांना तिच्यात निम्म्या जागा, तातडीच्या दुरुस्तीसाठी तिच्या खात्यात पावसाळ्याआधी जमा होणारा निधी, आणि छोटी खांड अर्जाची वाट न पाहता बुजवण्याचा अधिकार. मोठं काम सरकारच्या खारभूमी विभागाने करावं, छोटं गावाने, आणि दोघांनी दर वैशाखात बांध पायी फिरून पाहावा. महापालिकेच्या हद्दीत धारण तलावांसाठीही अशीच प्रभाग समिती असावी. समुद्राची पातळी वाढते आहे आणि ढगफुटीसारखा पाऊस वारंवार पडतो आहे. पनवेलचं खारं-गोडं पाणी ओळखणारी शेवटची पिढी अजून आपल्यात आहे. तिचं ज्ञान समितीच्या वहीत उतरवून घेणं आणि त्या वहीला सरकारी निधीची जोड देणं, हे काम पुढच्या पावसाळ्याआधी सुरू होऊ शकतं. ते सुरू व्हावं, यासाठी मी हे लिहिलं आहे.