डोंगा, तलाव आणि संघ

वर्ध्या-सेवाग्रामच्या श्रोत्यांपुढे नावांविषयी बोलावयाचे म्हणजे प्रथम त्यांची थोडी समजूत काढावी लागते. उन्हाळ्यात पवनारला धाम नदीचे खडक उघडे पडलेले आपण दरवर्षी पाहतो. ह्या खडकांतून नाव कशी जाणार, असे कोणीही विचारील. तरीही २०१६ साली संसदेने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून जाहीर केले, त्या यादीत पैनगंगा-वर्धा आहे आणि वैनगंगा-प्राणहिताही आहे. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात आपली नदी हमरस्ता झालेली आहे!

ही कल्पना काही आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन ह्या इंजिनिअरने गोदावरीच्या मुखाकडून प्राणहितेमार्गे थेट वर्धेच्या खोऱ्यापर्यंत नावा आणण्याचा ध्यास घेतला होता. इकडचा कापूस पाण्याने समुद्रावर न्यावा, हा हेतू. वाटेत दुम्मागुडम, इंचमपल्ली आणि देवलमरी असे तीन मोठे खडकाळ अडथळे होते. ते चुकविण्यासाठी बंधारे आणि कालवे बांधावयास घेतले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल ह्यांनी योजनेचा पाठपुरावा केला. पण १८६७ साली आगगाडी नागपूरला येऊन ठेपली, कापसाला दुसरी वाट मिळाली, आणि १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले. ह्या साऱ्या खटाटोपाच्या मध्यभागी कापसाची गाठ होती. त्याच पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या डोंगा हाकणारा माणूस नव्हता.

तो माणूस म्हणजे आपल्याकडचा ढीवर. एका खोडातून कोरलेला, नाहीतर फळ्या जोडून केलेला त्याचा डोंगा नदीपेक्षाही तलावात अधिक हिंडला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या मुलखात जुन्या मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांच्या वर सांगतात. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी लोकांनी ते बांधले. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा राजाचा कौल होता अशी परंपरा आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी ह्यांनी बांधला असे मानतात. ह्या तलावांची एक स्वतंत्र भाषाच आहे. पाणी सोडण्याचे दार ते तुडूम, आणि जादा पाणी वाहून जाण्याची वाट ती सलंग. शेतकऱ्याने तुडूम सांभाळावे, मालगुजाराने पाळीवर माती घालवून घ्यावी, ढीवराने मासे आणि शिंगाडे काढावेत आणि त्यातला वाटा द्यावा, अशी ती रीत. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ढीवराचा डोंगा पाण्यात जावयाचा तो मालगुजाराच्या मर्जीनेच. मात्र तलाव गाळाने भरला तर नुकसान कोणाचे, हे त्या व्यवस्थेत सर्वांना ठाऊक होते.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. मर्जी संपली, हे चांगलेच झाले. परंतु मर्जीबरोबर मातीची टोपलीही संपली. सिंचनाचा विचार एका खात्याने करावा, मासळीचा दुसऱ्याने, आणि गाळाचा कोणीच करू नये, अशी वाटणी होऊन बसली. मासेमारीचा हक्क ठेक्याने मिळू लागला. ठेका म्हटला की पैसेवाला कंत्राटदार आलाच. त्याच्यापुढे टिकायचे तर ढीवरांना संस्था काढणे भाग होते.

येथे थोडे मागे जावे लागेल. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने दोन दारे उघडली. पतपुरवठ्याखेरीज अन्य कामासाठीही संस्था काढता येऊ लागली, आणि अनेक संस्थांना मिळून आपला संघ करता येऊ लागला. दुसऱ्याच वर्षी, १९१३ मध्ये, रत्नागिरीजवळच्या कर्ल्याला मच्छीमारांची सोसायटी स्थापन झाली. देशातील ती पहिली, असे मानले जाते. समुद्रावर उगवलेले हे रोप पुढे आमच्या गोड्या पाण्यातही रुजले. गावाची संस्था, तिच्यावर जिल्ह्याचा संघ, त्याच्यावर राज्याचा संघ, अशी उतरंड तयार झाली. विदर्भापुरता विभागीय मच्छीमार सहकारी संघही नागपूरला आहे.

संघ हवा कशाला, असा प्रश्न गावातला सभासद विचारतो, आणि तो गैर नाही. पण एका तलावाच्या काठची काही घरे एकटीने काय करू शकतात ते पाहावे. मत्स्यबीज पावसाळ्याच्या ठराविक दिवसांतच पाण्यात पडले पाहिजे. चार दिवस उशीर झाला की वर्ष वाया. जाळ्याचे सूत घाऊक घेतले तरच परवडते. ठेक्याचा दर मंत्रालयात ठरतो, आणि मंत्रालयात गावच्या अध्यक्षाला कोणी ओळखत नाही. २०१७ साली शासनाने तलाव ठेक्याचे धोरण बदलले, तेव्हा लहान संस्थांची बाजू मांडावयास एकत्रित आवाज लागला. पुढे २०१९ मध्ये त्या धोरणात दुरुस्ती झाली. निवेदने, शिष्टमंडळे, मोर्चे ही कामे रुक्ष खरी, पण ती कोणीतरी केल्यावाचून डोंगा पाण्यात उतरत नाही.

तथापि माझ्या मते आपल्या संघांनी ठेका सांभाळला तितके पाणी सांभाळले नाही. ह्या बाबतीत इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिकडे आगगाडीने मारलेले कालवे बुजवून टाकण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा १९४६ साली रॉबर्ट एकमन आणि टॉम रोल्ट ह्यांनी अंतर्गत जलमार्गांसाठी एक संघ काढला. संघाने पार्लमेंटशी झगडावे आणि त्या त्या कालव्यावर स्थानिक मंडळींनी फावडी घ्यावीत, असे ते काम चालले. स्ट्रॅटफर्डचा कालवा स्वयंसेवकांनी, सैनिकांनी आणि कैद्यांनीही उपसला व १९६४ मध्ये तो पुन्हा नावांना खुला झाला. ती मंडळी बहुतांशी हौसेने नावा चालविणारी होती, आमचा ढीवर पोटासाठी चालवितो, हा फरक मोठा आहे. पण नाव वाचवावयाची तर आधी पाणी वाचवावे लागते, हा त्यांचा क्रम पोटासाठी नाव चालविणाऱ्याला तर अधिकच लागू आहे.

असा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही असे नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगावच्या बाजूस ढीवर समाजातील स्त्रीपुरुषांनी तलावातली बेशरमची झुडपे उपटून काढली, पाण्यातल्या जुन्या वनस्पती हाताने पुन्हा लावल्या आणि स्थानिक जातीच्या माशांना आसरा करून दिला. एका गावाला जमले ते दुसऱ्या गावाला कळविणे, बियाणे पोहोचविणे, शिकलेली बाई शेजारच्या तलावावर पाठविणे, हे खरे तर संघाचेच काम. आपल्याच वर्ध्याला १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत तेलघाणी आणि हातकागद ह्यांच्यासाठी नेमके हेच केले होते. सुधारलेले अवजार एका ठिकाणी तपासावे, शिकवावे आणि मग गावोगाव धाडावे.

आणखी एक कोपरा मात्र कोणाच्याच दप्तरात येत नाही. तो म्हणजे उताराचा डोंगा. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला. मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी पलीकडे निघालेल्या सहा स्त्रिया त्यात गेल्या. मासेमारीच्या डोंग्याची नोंद संस्थेकडे होते. माणसे उतरविणाऱ्या डोंग्यात किती बसवावीत, त्याच्या फळ्या कोणी तपासाव्यात, चार तरंगत्या पेट्या कोणी ठेवाव्यात, हे घाटावर विचारणारे कोणी नसते. संघाच्या पोटनियमांत उताराच्या घाटांसाठी एक कलम घालावयास फार मोठा खर्च येणार नाही. गणपूरच्या घाटावर त्या स्त्रियांना रोजच्या मजुरीसाठी पलीकडे जावेच लागत होते, आणि जवळ पूल नव्हता.