समुद्राची वाट, खिंडीची वाट



फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बिस्तरा गुंडाळावा लागतो. कन्नूर, काश्मीर आणि कारगिल या तिन्ही ठिकाणी मुस्लिम समाजाशी रोजचा संबंध आला. ‘मुसलमान म्हणजे असे’ हे वाक्य मेसमध्ये कानावर पडले, की मी विचारतो, ‘कुठले?’

मलबारला इस्लाम मोसमी वाऱ्यांबरोबर आला. अरब व्यापारी मिरीसाठी येत आणि वारा फिरेपर्यंत थांबत. काहींनी इथेच संसार थाटले. त्यातून आणि स्थानिक धर्मांतरांतून मोपला समाज घडला. उत्तर मलबारात त्यांनी नायरांसारखी मातृवंशीय पद्धत ठेवली. कन्नूरच्या अरक्कल राजघराण्यात गादी वयाने ज्येष्ठ व्यक्तीकडे जाई, मग ती स्त्री असली तरी. कोझिकोडच्या हिंदू झामोरिनचे आरमार कुंजाली मरक्कारांच्या हाती होते. त्यांनी पोर्तुगीजांना दीर्घकाळ झुंजवले. पुढे झामोरिननेच पोर्तुगीजांशी हातमिळवणी केली आणि चौथ्या कुंजालीला १६०० मध्ये गोव्यात मारण्यात आले. मुंबईत कुलाब्याला ‘आयएनएस कुंजाली’ हा नौदलाचा तळ आहे. त्याचे नाव त्यांचेच.

मलबारचे मुसलमान बहुतेक शाफी परंपरेचे, आणि आपले कोकणी मुसलमानही शाफीच. उत्तर भारतात मात्र हनफी परंपरा प्रबळ आहे. एकीकडे अरबस्तानाशी जोडणारा समुद्र, दुसरीकडे मध्य आशियातून येणारा खुष्कीचा मार्ग. धर्म कुठल्या वाटेने आला, ते अजून ओळखू येते.

काश्मीरची वाट खिंडींतली. १३२० च्या सुमारास लडाखकडून आलेला बौद्ध राजपुत्र रिंचन काश्मीरच्या गादीवर बसला आणि बुलबुल शाह या सुफीच्या प्रभावाने मुसलमान झाला. १३३९ मध्ये शाहमीर घराण्याची सत्ता आली. त्याच शतकात इराणच्या हमदानहून मीर सय्यद अली हमदानी आले. काश्मिरी कारागिरीचा वारसा लोक त्यांच्याशी जोडतात. याच मातीतले शेख नूरुद्दीन काश्मिरीत बोलले. हिंदू त्यांना नुंद ऋषी म्हणतात, आणि त्यांच्या सुफी परंपरेचे नावच ‘ऋषी’. या इतिहासाला काळी बाजूही आहे. सुलतान सिकंदरच्या काळात देवळे पाडली गेली, पंडित परागंदा झाले. त्याचाच मुलगा झैन-उल-आबिदीन (१४२०–१४७०) याने पंडितांना परत बोलावले आणि महाभारत, राजतरंगिणी यांची फारसी भाषांतरे करवली. बाप-लेकांपैकी एकालाच आठवणारे दोन्हीकडे भेटतात.

इमारतींचेही तेच. कोझिकोडच्या मिश्काल मशिदीला घुमट नाही. पावसासाठी उतरती लाकडी छपरे आहेत. श्रीनगरला झेलमकाठी असलेली खानकाह-ए-मौलाही लाकडी, बिनघुमटाची. तिथे उतार बर्फासाठी.

झोजिला ओलांडला की चित्र पुन्हा बदलते. कारगिलचे मुसलमान बहुसंख्य शिया. त्यांच्या बोली तिबेटी कुळातल्या. धर्म त्यांच्याकडे बाल्टिस्तानमार्गे आला आणि त्यांची धार्मिक नजर इराण-इराककडे असते. श्रीनगरवरून बांधलेले अंदाज तिथे चालत नाहीत.

हे सारे एका सैनिकाने का वाचावे? कारण घेराबंदी असो की वैद्यकीय शिबिर, गावच्या बुजुर्गाशी पहिले बोलणे आपल्यालाच करावे लागते. त्याला टीव्हीवरच्या एकाच साच्यात बसवले, तर तो गप्प होतो. मग खबर थांबते, आणि त्याची किंमत रात्री गस्तीवर गेलेले जवान मोजतात.

म्हणून नव्याने रुजू होणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना मी तीन प्रश्नांची उत्तरे शोधायला लावतो. इथे धर्म कुठल्या वाटेने आला? कोणी आणला? आणि त्याआधीचे इथले काय काय अजून टिकून आहे? उत्तरे ग्रंथालयात थोडी मिळतात. बाकीची गावात चहा पिताना मिळतात, पण त्यासाठी आधी ऐकून घ्यावे लागते.

जय हिंद.