निकाली की नुरा? हेलसिंकी, टोकियो, मुंबई आणि कराचीच्या चार कुस्त्यांचे परीक्षण

१/ दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी आज एकाच मोबाइलवर दोन कुस्त्या पाहिल्या जातात. एक, जत्रेच्या दंगलीतली, मातीतली. दुसरी, जपानी रिंगणातली, दिव्यांच्या झगमगाटातली. दुसरी पाहणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकावे लागते : "ती खोटी असते." या धाग्यात त्या वाक्याची उलटतपासणी करू. खोटी कुस्ती म्हणजे नेमके काय? उत्तरासाठी १९५२ ते १९७६ या काळातील चार कुस्त्यांचे परीक्षण करावे लागेल.

२/ आधी शब्द पाहू. प्रतिस्पर्धी चितपट झाला की कुस्ती "निकाली". कोणीच हार मानत नसेल तर "बरोबरी". आणि निकाल आधीच ठरवून, तो प्रेक्षकांपासून लपवून खेळली ती "नुरा". असा स्वतंत्र शब्द लोकांच्या तोंडी रुळला, याचाच अर्थ हा प्रकार जुना आहे आणि केवळ परदेशी नाही.

३/ दुसरी गोष्ट, पैशाची. जत्रेची कुस्ती हौसेची आणि जपानची तेवढी धंद्याची, हा समज टिकत नाही. आपल्याकडेही इनाम असते, जोड लावणारी पंचमंडळी असते, मोठ्या मैदानांना तिकीट असते. पहिलवानाचा खुराक, वस्तादाचा मान, हलगीवाल्याची बिदागी हे सारे कुठूनतरी यावे लागते. त्या अर्थाने आपली दंगल ही व्यावसायिक कुस्तीच होय.

४/ म्हणून परीक्षणासाठी तीन प्रश्न हाताशी घेऊ. जोड कशी लागली? आधी काय ठरले होते आणि ते पाळले गेले का? आणि शेवटी किंमत कोणी मोजली? "खरी की खोटी" या प्रश्नापेक्षा हे तीन प्रश्न अधिक काही सांगतात.

५/ पहिली कुस्ती : हेलसिंकी, जुलै १९५२. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ऑलिंपिकच्या बँटमवेट गटात फ्रीस्टाइल लढत होते. हे त्यांचे दुसरे ऑलिंपिक. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते मॅटवर लढले आणि सहावे आले. मातीत घडलेल्या मल्लाला मॅट म्हणजे वेगळीच भूमी : पाय निराळे रोवावे लागतात, गुणांचे गणित निराळे असते.

६/ हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही रक्कम लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

७/ कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा पुढे गेले. मग समोर आला जपानचा शोहाची इशिई, मूळचा ज्युदोपटू. युद्धानंतर १९४८ च्या ऑलिंपिकला जपानला प्रवेश नव्हता, हेलसिंकी हे त्याचे पुनरागमन होते. प्रदीर्घ झुंजीनंतर खाशाबा इशिईकडून हरले. त्या स्पर्धेत जपानला एकच सुवर्णपदक मिळाले आणि ते याच इशिईचे.

८/ त्यानंतर लगेच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, परंतु तो बजावून सांगायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगितले जाते. थकलेले खाशाबा हरले. तरीही कांस्यपदक मिळाले : स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

९/ परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीने कर्ज मात्र फिटत नाही. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः त्यात लढले आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडवले. हौशी खेळाच्या सर्वोच्च व्यासपीठावरचे पदक शेवटी फेडले ते व्यावसायिक कुस्तीने.

१०/ परीक्षण : कुस्ती निखालस खरी. नियम लेखी, तराजू समान. परंतु नियम पाळून घेणारे कोणी नसेल तर खऱ्या कुस्तीतही अन्याय होतो. १९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघाती निधन. अर्जुन पुरस्कार मिळाला, पण मृत्यूनंतर. किंमत मल्लाने मोजली.

११/ दुसरी कुस्ती : टोकियो, २२ डिसेंबर १९५४. इशिईच्या सुवर्णपदकाने आनंदलेल्या जपानला त्याहून मोठा नायक मिळाला होता : रिकिडोझान. जन्माने कोरियन, आधी सुमोपटू, १९५१ पासून व्यावसायिक कुस्तीत. जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली १९५३ च्या फेब्रुवारीत. बरोबर वर्षभराने रिकिडोझान आणि त्याचा जोडीदार मासाहिको किमुरा हे धिप्पाड शार्प बंधूंशी लढले, तेव्हा रस्त्यांत उभारलेल्या संचांपुढे माणसांचा महापूर लोटला.

१२/ नुकत्याच हरलेल्या, परकीय सैन्याच्या ताब्यातून नुकत्याच सुटलेल्या देशाला गोऱ्या मल्लांवर पडणारे ते तळहाताचे तडाखे हवे होते. ते बंधू खरे तर कॅनडाचे. प्रेक्षकांनी त्यांना अमेरिकन मानले. आणि त्यांना लोळवणारा राष्ट्रनायक कोरियात जन्मला होता, ही गोष्ट तेव्हा झाकून ठेवलेली होती. लढतीच्या निकालापेक्षा मोठी बतावणी ही होती.

१३/ किमुरा हा साधा जोडीदार नव्हे. तो ज्युदोचा अजिंक्यवीर. १९५१ साली रिओ दि जानेरोत त्याने एलिओ ग्रेसीचा हात पाठीमागे पिळून त्याला हरवले होते. ती पकड आज जगभर "किमुरा" नावानेच ओळखली जाते. वर्षाअखेरीस रिकिडोझान आणि किमुरा आमनेसामने आले. किमुराने पुढे सांगितल्याप्रमाणे ठरले होते ते बरोबरीचे.

१४/ लढत मध्यावर आली आणि रिकिडोझानने करार मोडला. लुटुपुटीचे वार थांबले, खरे तडाखे सुरू झाले. किमुरा तयार नव्हता, कारण समोरच्यावर विश्वास ठेवणे हाच या खेळाचा पाया. तो रक्तबंबाळ होऊन कोसळला. त्याची कीर्ती त्या रात्रीनंतर पूर्ववत झाली नाही.

१५/ परीक्षण : इथे गंमत पाहा. या कुस्तीचा शेवट "खरा" होता आणि नेमका तोच तिचा कलंक ठरला. नियोजित कुस्तीत मल्ल आपले शरीर प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतो. त्या ठेवीवर हात मारणे याला पराक्रम म्हणत नाहीत. आपल्या तालमीत सराव करताना जोडीदाराला मुद्दाम जायबंदी करणाऱ्याला वस्ताद जे म्हणेल, तेच इथे लागू आहे. रिकिडोझान स्वतः डिसेंबर १९६३ मध्ये नाइट क्लबमधील चाकूहल्ल्यानंतर आठवड्याभरात मरण पावला.

१६/ तिसरी कुस्ती : मुंबई, २९ मे १९६८. दारासिंगांच्या कथांतला अगडबंब किंगकाँग आठवतो? त्याचे खरे नाव एमिल झाया, जन्म हंगेरीचा. नोव्हेंबर १९५५ मध्ये टोकियोत त्याला हरवूनच रिकिडोझान आशियाई विजेता ठरला होता. मुंबई आणि टोकियो ही एकाच व्यावसायिक फेरीची ठाणी होती. अमेरिकेचा लू थेझ हाही त्याच वाटेवरचा प्रवासी : १९५७ साली टोकियोत रिकिडोझानशी त्याची तासभराची बरोबरी झाली होती.

१७/ मुंबईत थेझ दारासिंगांकडून हरला. या प्रकारच्या रिंगणात निकाल आधी ठरवण्याची रीत होती. थेझ हा मात्र कोणालाही सहज मान तुकवणारा नव्हता, खऱ्या पकडींत तो निष्णात होता. त्याने नंतर लिहिले की दारासिंग अस्सल मल्ल होते आणि त्यांच्याकडून हरण्यात आपल्याला कसलीच अडचण वाटली नाही.

१८/ परीक्षण : चौघींपैकी इथे मल्लामल्लांतला व्यवहार सर्वांत चोख झाला. कोणाचा हात मोडला नाही, कोणाचे नाव बुडाले नाही. उणे एकच : प्रेक्षकाला हे सारे निकाली म्हणून विकले गेले. आपल्या भाषेने त्याची नोंद ठेवली आहे. ज्या "फ्रीस्टाइल"मध्ये खाशाबांनी पदक मिळवले, तोच शब्द मराठीत "फ्रीस्टाइल हाणामारी" असा नियमशून्यतेचा पर्याय होऊन बसला. हे नुकसान खऱ्या कुस्तीचे झाले.

१९/ चौथी कुस्ती : कराची, १२ डिसेंबर १९७६. एका बाजूला अंतोनिओ इनोकी : रिकिडोझानने १९६० साली ब्राझीलमधून शोधून आणलेला शिष्य, जून १९७६ मध्ये मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्यांची बरोबरी साधलेला. दुसऱ्या बाजूला अक्रम पहिलवान : इमामबक्षचा मुलगा, थोर गामाचा पुतण्या.

२०/ हे घराणे महाराष्ट्राला परके नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधलेल्या खासबाग मैदानात १९१२ साली इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती गाजली होती. फाळणीनंतर घराणे पाकिस्तानात गेले. कराचीत उतरलेला अक्रम म्हणजे खासबाग पाहिलेल्या रक्ताचा वारस होता.

२१/ आणि इनोकीच्या अंगातही हिंदुस्थानी तालीम मुरलेली होती! त्याचा गुरू कार्ल गॉच हा बेल्जियमचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, म्हणजे खाशाबांच्याच पहिल्या स्पर्धेत, तोही लढला होता. गॉच आपल्या शिष्यांकडून बैठका, जोर आणि मुद्गल घुमवण्याचा व्यायाम करून घेई. १९७२ साली इनोकीने स्थापन केलेल्या न्यू जपान प्रो रेसलिंगच्या प्रशिक्षणात हेच व्यायाम रुजले. तिथे त्या बैठकांना आजही "हिंदू स्क्वॉट" म्हणतात.

२२/ मग बिघडले कुठे? जपानी बाजू आपल्या रीतीची कुस्ती समजून आली होती. ऐन वेळी कळले की अक्रमची बाजू खरीच लढणार. ना निकाल ठरलेला, ना दोघांना सारखे उमगलेले नियम. रिंगणात ओरबाडणे, चावणे, डोळ्यांवर बोटे असा प्रकार झाला. तिसऱ्या फेरीत इनोकीने अक्रमचा हात पिळून पकडला. पकड तीच, किमुराच्या नावाची. अक्रमने हार पुकारली नाही. हात निकामी झाला तेव्हा कुस्ती थांबली.

२३/ परीक्षण : कुस्ती पूर्ण निकाली. तरी तिला आदर्श म्हणणे कठीण. जोड लावणाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या खेळांचे मल्ल एका रिंगणात उभे केले आणि स्वतः बाहेर उभे राहिले. हात मात्र अक्रमचा मोडला. पुढे १९७९ साली लाहोरमध्ये अक्रमचा तरुण पुतण्या झारा इनोकीशी भिडला. ती लढत बरोबरीत सुटली आणि इनोकीने स्वतः झाराचा हात उंचावला. तीन वर्षांपूर्वीच्या हिशेबाची ती थोडी परतफेड होती.

२४/ आता चारही कुस्त्या शेजारी ठेवा. हेलसिंकी खरी, पण नियमाला राखणदार नाही. टोकियो ठरलेली, पण करार मोडलेला. मुंबई ठरलेली आणि करार पाळलेला, पण प्रेक्षक अंधारात. कराची खरी, पण करारच नाही. "खरी" आणि "खोटी" या दोन कप्प्यांत ही विभागणी बसतच नाही.

२५/ कुस्तीत दोन करार असतात. एक मल्लामल्लांत, दुसरा मल्ल आणि प्रेक्षक यांच्यात. नुरा कुस्तीचा दोष दुसऱ्या कराराशी आहे, कारण तिथे प्रेक्षक फसवला जातो. आजच्या जपानी रिंगणातल्या कुस्तीचा निकाल ठरलेला असतो हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तो नाटकाला जावे तसा जातो आणि कसब पाहतो. तिला नुरा म्हणणे म्हणजे नाटकातल्या मृत्यूला खोटारडेपणा म्हणणे.

२६/ म्हणून पुढच्या वेळी दंगल पाहाल किंवा मोबाइलवर टोकियोची लढत, तेव्हा कोण जिंकले याच्या आधी इतके पाहा : जोड बरोबरीची लावली होती का, पडणाऱ्याला सावरून घेतले का, आणि जायबंदी झालेल्या पहिलवानाच्या औषधपाण्याची जबाबदारी कोणाची होती. इनामाचा आकडा फलकावर असतो. हा तिसरा आकडा कुठेच लिहिलेला नसतो.

२७/ खाशाबांच्या काळी तो आकडा एका प्राचार्याने घर गहाण ठेवून भरला. आपल्या गावच्या जुन्या पहिलवानांना विचारा, त्यांच्या वेळी तो कोणी भरला होता. मिळालेली उत्तरे या धाग्याखाली जरूर लिहा. कुस्तीच्या इतिहासाची ती पाने अजून लिहिली जायची आहेत.