प्लेगाच्या साली दाद कोणाकडे?

धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या दोरखंडावर परातीएवढी पत्र्याची गोल चकती अडकवलेली असते. तिला रॅट गार्ड म्हणतात. धक्क्यावरचा उंदीर वर चढू नये आणि जहाजावरचा खाली उतरू नये, एवढंच तिचं काम. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग एजंटच्या कचेरीत माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे ही चकती, जहाजावरचं पिवळं निशाण आणि पोर्ट हेल्थ ऑफिसरची 'प्रॅटिक' ही माझी रोजची भाषा. प्रॅटिक मिळेपर्यंत कोणी उतरायचं नाही, कोणी चढायचं नाही. जहाज उंदीरमुक्त असल्याच्या दाखल्याची मुदत सहा महिने. ती टळून गेली असेल तर कप्तान आमच्यावरच डाफरायचा, जणू उंदीर आम्ही पाळलेत.

यातल्या उंदरांच्या भानगडी जगाला शिकवल्या त्या प्लेगाच्या साथीने. १८९४ ते १९०० या काळात ती हाँगकाँग, मुंबई, पोर्तो, होनोलुलू, सिडनी, सॅन फ्रान्सिस्को अशी बंदरांमागून बंदरं घेत गेली. जंतू एकच, उंदीर तेच, औषध कोणाकडेच नाही. म्हणजे कोणत्या सरकारने काय केलं हे ताडून बघायला याहून चांगली संधी नाही. २०२० साली टीव्हीवर रोज देशांचे तक्ते यायचे, कोणाचे किती गेले, कोणी किती दिवस टाळं लावलं. आकड्यांची ती शर्यत मला कधी पटली नाही. बंदरात काम केलेला माणूस आधी वेगळं विचारतो: माल अडकला तर तक्रार कोणाकडे करायची? माणसं अडकली तेव्हा त्यांनी कोणाकडे केली, हे मी शोधत बसलो.

हाँगकाँगला जून १८९४ मध्ये दोन शास्त्रज्ञ पोचले. जपानच्या किटासाटोला सरकारने सगळी सोय करून दिली. फ्रेंचांकडून आलेल्या येर्सिनला धड खोलीही मिळाली नाही. त्याने गवताच्या झोपडीत सूक्ष्मदर्शक मांडला आणि प्रेतं मिळवण्यासाठी इंग्रज खलाशांच्या हातावर पैसे ठेवले. जंतूला आज नाव आहे ते त्याचं. जंतू सापडला, पण तो माणसात शिरतो कसा हे कळलं नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. रोग घाणीतून येतो असं धरून इंग्रजांनी ताइपिंगशान या चिनी वस्तीत गोरे शिपाई घातले. त्यांनी घरं उपसली, चुना फासला, आजाऱ्यांना बंदरात उभ्या असलेल्या इस्पितळी जहाजावर नेलं. चिनी लोकांची दाद म्हणजे कँटनची होडी. हजारोंनी शहर सोडलं, मजूर मिळेनासे झाले आणि शेवटी गव्हर्नरला आजाऱ्यांनाही कँटनला जाऊ द्यावं लागलं. वस्ती मात्र पुढे पाडलीच.

दोन वर्षांनी आपली पाळी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या गल्ल्यांत ताप आणि जांघेत गाठ असलेले रोगी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तपासले आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. हे गृहस्थ मूळचे गोव्याच्या हडफड्याचे. मांडवी म्हणजे धान्याची कोठारं, गोदीला लागून. उंदरांना याहून सोयीचा मुलूख नाही.

म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला फर्मान काढलं की आजाऱ्याला गरज पडल्यास जबरदस्तीने वेगळं काढलं जाईल. महिना संपायच्या आत गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला आणि स्नोसाहेबांनी फर्मान मागे घेतलं. कारण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांना खरी भीती दगडांची नव्हती. शहराचा मैला उचलणारे, दप्तरात ज्यांना हलालखोर म्हटलंय ते कामगार पळून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही होती. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ज्यांना कोणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या नुसत्या निघून जाण्याच्या शक्यतेपुढे कमिशनर नमला. पुढच्या काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास शहर गावी गेलंच.

तिकडे युरोपातले देश हिंदुस्थानचा माल आणि माणसं अडवायला निघाले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला त्यासाठी परिषद भरली. सरकारला कडक दिसणं भाग होतं. परिषदेच्या आधी दोन आठवडे, ४ फेब्रुवारीला, साथरोग कायदा आला. अवघी चार कलमं. दुसऱ्याने सरकारला वाटेल ते नियम करायची मुभा, तिसऱ्याने मोडणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्याने या कायद्याखाली सद्हेतूने काही केलं तर कोणावरही दावा चालणार नाही. इतका छोटा कायदा मी नोकरीत पाहिला नाही. आमचं एका पेटीचं बिल ऑफ लेडिंग याच्या कितीतरी पट लांब असायचं.

चौथं कलम काय करू शकतं हे पुण्याने पाहिलं. वॉल्टर रँड हा साताऱ्याचा असिस्टंट कलेक्टर तिथल्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष झाला. १३ मार्चपासून घरोघर झडत्या सुरू झाल्या, त्यात नऊशेच्या आसपास माणसं, बहुतेक गोरे शिपाई. (तीनच दिवस आधी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या होत्या.) शिपाई माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात शिरत. बायकांची तपासणी परपुरुष करत. अंथरुणं आणि सामान अंगणात जाळलं जाई. लोकांनी अर्ज केले, वर्तमानपत्रांनी लिहिलं, टिळकांनी हिंदूंसाठी वेगळं इस्पितळ काढलं. अर्जांचं पुढे काही झालं नाही.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. त्यांनी पुण्याच्या पत्रांच्या आधारावर शिपायांनी बायकांवर अत्याचार केल्याचं तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. मुंबईला उतरल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. ज्यांनी पत्रं लिहिली ते पुढे यायला तयार नव्हते आणि गोखल्यांनी त्यांची नावं फोडली नाहीत. शेवटी बिनशर्त माफी मागितली. त्यावरून त्यांना भित्रा म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात. मला तसं वाटत नाही. साक्षीला उभं राहणाऱ्याला संरक्षण नाही आणि ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्याला कायद्याचं पूर्ण कवच. अशा ठिकाणी कोण पुढे येईल?

२२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडला आणि लेफ्टनंट आयर्स्टला गोळ्या घातल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. चापेकर बंधू फासावर गेले, टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत मदनपुऱ्याच्या जुलाह्यांनी एका आजारी मुलीची तपासणी करू दिली नाही आणि शहरात दंगल पेटली. त्यानंतर सरकारची जबरदस्ती हळूहळू सैल पडत गेली. रक्त सांडल्यावर.

आता समुद्रापलीकडे बघा. सॅन फ्रान्सिस्कोत ६ मार्च १९०० ला चायनाटाउनमधल्या एका हॉटेलच्या तळघरात एका चिनी माणसाचं प्रेत सापडलं. रातोरात सगळ्या वस्तीभोवती दोर बांधला. त्यातला मासला असा की दोर सरळ जात नव्हता. एकाच रांगेतली गोऱ्यांची दुकानं वगळून वळणं घेत होता. पुढे चिनी माणसाला शहराबाहेर जायचं असेल तर लस टोचून घ्यावी लागेल असा हुकूम निघाला. ही लस हाफकीन या जंतुशास्त्रज्ञाची, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोल्यांत तयार झालेली आणि जानेवारी १८९७ मध्ये त्याने आधी स्वतःला टोचून पाहिलेली.

चिनी लोक कोर्टात गेले. त्या काळी अमेरिकेत चिनी माणसाला नागरिकत्व घेता येत नव्हतं, मजुराला देशात पाऊल टाकायला बंदी होती. तरी एका चिनी किराणा दुकानदाराच्या दाव्यात न्यायमूर्ती मॉरो यांनी नाकेबंदी उठवली, कारण ती फक्त एका वंशासाठी आखली होती. लसीचा हुकूमही आधीच्या दाव्यात मोडीत निघाला होता. तुलना करताना माझा हात इथेच थांबतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या किराणा दुकानदाराला कोणत्या कोर्टात जाता आलं असतं?

पण कोर्ट जिंकल्याने प्लेग हरला नाही, हेही सांगितलं पाहिजे. गव्हर्नर हेन्री गेज प्लेग आहे हेच कबूल करेना. कॅलिफोर्नियाची फळं कोण घेईल, ही त्याची चिंता. जंतू दाखवणाऱ्या डॉ. किन्यूनची उलट बदनामी आणि बदली झाली. मधल्या काळात रोग उंदरांतून रानातल्या खारींमध्ये गेला, आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात तो आजही आहे.

होनोलुलूत याउलट. आरोग्य मंडळाने प्लेगाची घरं निवडून जाळायला घेतली. २० जानेवारी १९०० ला वारा फिरला, एका चर्चला आग लागली आणि जवळजवळ सगळं चायनाटाउन खाक झालं. चार हजारांहून जास्त माणसं बेघर झाली आणि पहाऱ्यात छावण्यांमध्ये गेली. मात्र नंतर नुकसानीचे दावे ऐकायला आयोग बसला. मागितल्याच्या निम्म्याहूनही कमी मिळालं, पण मिळालं. पुण्याच्या अंगणात जळलेल्या अंथरुणांसाठी असा आयोग बसल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

पोर्तोची गोष्ट आणखी निराळी. १८९९ च्या उन्हाळ्यात डॉ. रिकार्दो जॉर्ज यांनी तिथे प्लेग ओळखला. पोर्तुगाल सरकारने पूर्ण शहराला लष्कराचा वेढा दिला. इथे कोंडलेले गोरे, मतदार, व्यापारी, वर्तमानपत्रवाले. दाद मागायच्या जागा भरपूर होत्या, आणि त्या सगळ्यांनी मिळून डॉक्टरलाच धरलं. धंदा बुडवायला यानेच प्लेग शोधला म्हणत लोक त्याच्या जिवावर उठले, शेवटी त्याला लिस्बन गाठावं लागलं. तिथे सरकारने त्याला आरोग्य खात्यात वरची जागा दिली. लिस्बनहून मदतीला आलेला कामारा पेस्ताना हा जंतुशास्त्रज्ञ प्रेत तपासताना लागण होऊन नोव्हेंबरमध्ये गेला. त्याच पोर्तुगालच्या राज्यात जन्मलेल्या आपल्या व्हिएगसांवरही सुरुवातीला अविश्वास दाखवला गेला होता, पण मुंबईने त्यांना पुढे महापालिकेचं अध्यक्ष केलं. पुतळा मेट्रो सिनेमासमोर आहे. गाड्यांच्या गर्दीत कोणी मान वर करून बघत नाही, ते सोडा.

सिडनीचं श्रेय वेगळं. १९०० साली तिथे ३०३ रोगी झाले, १०३ गेले. आरोग्य अधिकारी अ‍ॅशबर्टन थॉम्पसन याने कोणाला कुठे लागण झाली याच्या बारीक नोंदी ठेवल्या, माणसाकडून माणसाला थेट लागण होत नाही हे ओळखलं आणि उंदरांचा पिच्छा धरला. धक्क्याजवळच्या वस्त्यांना कुंपण घातलं खरं, पण आतल्या रहिवाशांनाच मजुरी देऊन सफाईला लावलं, आणि मेलेल्या उंदरामागे पैसे दिले. पैसे देणं सगळीकडे साधत नाही. १९०२ मध्ये हनोईला फ्रेंचांनी नुसत्या शेपटीवर बक्षीस ठेवलं, तर शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडू लागले. लोक शेपटी कापून त्यांना पुढच्या पिढीसाठी सोडून देत होते.

आणि हे उंदरांचं गुपित आमच्या आजीला ठाऊक होतं. ती वाईजवळच्या गावची. 'उंदीर पडले' एवढं म्हटलं की गावाला समजायचं. वळचणीतून झिंगत येऊन उंदीर मेला की घराला कुलूप घालून सगळी माणसं गुराढोरांसकट माळावर जायची, कडब्याच्या खोपी घालून महिना-दोन महिने तिथेच. तिच्या सांगण्यात सोवळ्याचा प्रश्नही यायचा. खोपीत चूल कशी मांडायची यावर तिच्या सासूचं आणि जावेचं भांडण झालं होतं, ते तिला प्लेगापेक्षा जास्त लक्षात होतं. सरकारने नेमकं उलटं केलं. आजारी माणसाला ओढून बाहेर काढलं आणि बाकीच्यांना त्याच घरात, त्याच उंदरांत ठेवलं, वर चुना फासून.

पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत पिंजऱ्यात उंदीर ठेवून दाखवून दिलं की रोग नेतात त्या पिसवा. हिंदुस्थानच्या प्लेग आयोगाने ते बाजूला सारलं. सरकारी शिक्कामोर्तब व्हायला परळच्या प्रयोगशाळेतले १९०५ नंतरचे प्रयोग लागले, म्हणजे रँड जाऊन आठ वर्षं झाल्यावर. तोवर आजीच्या गावासारख्या किती गावांनी माळावर किती हिवाळे काढले असतील! त्यांना कोणी विचारायला गेलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी नियम काढले ते १८९७ च्या त्याच कायद्याखाली. आमच्या सोसायटीच्या फाटकावर नोटीस लागली तेव्हा मी चष्मा लावून साल वाचलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांना छपाईची चूक वाटली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. डॉक्टर आणि परिचारिकांवर हात उचलणाऱ्याला कडक शिक्षा आली, ते योग्यच होतं. चौथ्या कलमाला कोणी हात लावला नाही.