होळकरांचे एक कोटी आणि खांडव्याचा लोहमार्ग

इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (द्वितीय) यांनी १८७० साली इंग्रज सरकारला लोहमार्गासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले. मांडलिक संस्थानिकाने सार्वभौम सत्तेचा सावकार व्हावे, ही गोष्ट वरवर पाहता नवलाचीच. परंतु तिच्यामागे चोख हिशेब होता.

मुंबई-जबलपूर लोहमार्ग त्याच वर्षी पूर्ण झाला. तो खांडव्यावरून गेला. इंदूर मात्र नर्मदा आणि विंध्य यांच्या पलीकडे राहिले. माळव्याची अफू व कापूस मुंबईस पोचवावयाचा, तर घाटातील बैलगाड्यांवाचून गत्यंतर नव्हते. दुसरीकडे, १८५७ च्या उठावाची झळ लागलेल्या महूच्या छावणीपर्यंत आगगाडी नेणे इंग्रजांच्याही सोयीचे होते. उभयतांची गरज अशी एका मार्गावर येऊन मिळाली.

कर्जाची मुदत १०१ वर्षे आणि व्याज साडेचार टक्के, म्हणजे सालिना साडेचार लाख रुपये ठरले. मार्गास 'होळकर स्टेट रेल्वे' हे नाव मिळाले. खांडवा-सनावद हा पहिला टप्पा १ डिसेंबर १८७४ रोजी सुरू झाला. नर्मदेवर १९७ फुटांच्या १४ गाळ्यांचा पूल उभा राहिला आणि ५ ऑक्टोबर १८७६ रोजी खुद्द महाराजांनी तो मालवाहतुकीस खुला केला. पुढे चार बोगद्यांतून गाडी घाट चढली. ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनीही इंदूर-नीमच मार्गासाठी ७५ लाखांचे कर्ज दिले.

मात्र या सौद्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. रुळांखालील जमीन संस्थानची असली, तरी तिच्यावरील दिवाणी-फौजदारी अधिकार इंग्रजांकडे गेला. पुढे हा मार्ग राजपुताना-माळवा रेल्वेत सामील झाला, तेव्हा होळकरांचे नावही मावळले. पैशाच्या बळावर महाराजांना मार्ग आणि व्याज मिळविता आले. सत्तेतील वाटा मात्र मिळविता आला नाही.

कर्जाची मुदत १९७१ च्या सुमारास संपावयाची होती. तत्पूर्वीच, १९४७ साली ऋणको देश सोडून गेला आणि १९४८ साली सावकाराचे संस्थान मध्यभारतात विलीन झाले. करारातील दोन्ही पक्ष असे इतिहासजमा झाले. पण त्या एक कोटीने बांधलेल्या वाटेने इंदूरची व्यापारपेठ मुंबईशी जोडली गेली. तुकोजीरावांच्या दूरदृष्टीचे मोल करावयाचे ते याच मापाने.