चाकोरीची रुंदी

गेल्या गुढीपाडव्याला मी शेतासाठी एक जुनी पिकअप घेतली. घेतली म्हणजे नुसती नावावर झाली. ती कामाची व्हायला पुढं दीड महिना लागला. हौद्याचा पत्रा गंजलेला होता, तो बदलला. फालक्याच्या बिजागऱ्या नव्या घातल्या. मागच्या पाट्यांमध्ये एक पान मोडलेलं निघालं. फवारणीची पाचशे लिटरची टाकी हलू नये म्हणून तळाला अँगलची चौकट बसवली, आणि सोयाबीनची पोती, कडबा, शेळ्या असं काहीही नेता यावं म्हणून बोल्टवर काढता-घालता येणारी जाळी करून घेतली. वेल्डिंगवाल्या पोरानं जाळीचं माप घेताना सहज विचारलं, "काका, उन्हाळ्यात काढून ठेवायची ना?" त्या प्रश्नानं मी थबकलो. नेमका हाच प्रश्न आमचे सुतार माझ्या आजोबांना विचारत असत. फक्त तेव्हा जाळीऐवजी तट्ट्या असायच्या.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. वीस वर्षं तालुक्याच्या गावी जीप आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवलं, आणि त्या काउंटरमागं बसून जे वाचता आलं ते वाचलं. त्यामुळे हा लेख कागदपत्रांइतकाच त्या काउंटरवर ऐकलेल्या गोष्टींवरही उभा आहे. विषय साधा आहे. परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं शेतकामाची गाडी कशी घेतली आणि ती स्वतःजोगी कशी करून घेतली.

सुरुवात अर्थातच बैलगाडीपासून. आमच्याकडे गाडी 'विकत घेतली' असं जुनी माणसं म्हणत नसत, 'गाडी केली' म्हणत. बाभळीचं लाकूड आधी एक-दोन वर्षं सुकत पडायचं. मग सुतार तुंबा घडवायचा, त्यात आरे ठोकायचा, आऱ्यांवर पुठ्ठे बसवून चाक गोल करायचा. त्यानंतरचं काम लोहाराचं. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि लगेच वरून पाणी. धाव आवळली की सारं चाक करकरून एकजीव व्हायचं. लहानपणी पाहिलेला तो वाफेचा लोट मला अजून आठवतो. ही कामं बलुत्यात होत. मजुरी सुगीला धान्यात मिळायची, त्यामुळे सुतार-लोहाराला त्या गाडीची जबाबदारी वर्षभर टाळता येत नसे.

पण गाडी म्हणजे नुसता साटा, जू आणि दोन चाकं. बाकी सारं हंगामाप्रमाणे. शेणखत न्यायचं तर बाजूनं तट्ट्या, कडबा न्यायचा तर उभ्या काठ्या आणि कासरे, कापूस मानवतला किंवा सेलूला न्यायचा तर उंच तट्ट्या आणि वरून गोणपाट, लग्नाला माणसं न्यायची तर टप. एकाच सांगाड्याची वर्षात चार वाहनं होत. ओढायला लाल कंधारी किंवा देवणी बैल. हे दोन्ही आपल्याच भागातले वंश, आणि काळ्या रानात कंधारीचं खूर जसं चालतं तसं दुसऱ्याचं चालत नाही, हे मत मी वडिलांकडून घेतलेलं आहे. ते तपासायला आता जोडी उरलेली नाही.

या गाडीचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे दोन चाकांमधलं अंतर. ओली काळी माती आणि दोन-तीन बोटं रुंदीची लोखंडी धाव यांची गाठ पडली की वाटेवर दोन खोल चऱ्या पडतात. तीच चाकोरी. 'चाकोरीबाहेरचा माणूस' हा शब्दप्रयोग आपण कौतुकानं वापरतो. प्रत्यक्षात चाकोरीबाहेर गेलेली गाडी पावसाळ्यात रुतायची आणि लोकांना धोतरं खोचून खांदा लावावा लागायचा. म्हणून गावचा सुतार नवी गाडी करताना जुन्या गाडीचं अंतर काठीवर घेऊन यायचा. आमच्या गोठ्यात पडलेल्या गाडीचं माप मी टेप लावून घेतलं. एका चाकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत चार फूट नऊ इंच.

आता जीपकडे येऊ. जीप 1940 साली अमेरिकेच्या सैन्यासाठी तयार झाली, हे सर्वांना माहीत असतं. लढाई संपल्याबरोबर ती कुणाला विकायची ठरली, हे फारसं माहीत नसतं. 1945 मध्ये विलिज कंपनीनं नागरी जीप बाजारात आणली ती प्रामुख्यानं शेतकऱ्यापुढं ठेवून. मागं उघडणारा फालका, ओढकामाचा दांडा, आणि इंजिनाच्या जोरावर कापणी-मळणीची यंत्रं फिरवता यावीत म्हणून शक्ती बाहेर काढणारा दांडा जोडण्याची सोय. नांगरही जोडता येई. इंग्लंडात रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या वेल्समधल्या शेतावर लढाईतून उरलेली अशीच एक जीप वापरत होते. तिच्यावरून 1948 मध्ये लँड रोव्हर निघाली. जर्मनीत अल्बर्ट फ्रिडरिश यांनी युनिमोग आखला तेव्हा दोन चाकांतलं अंतर 1270 मिलिमीटर धरलं, कारण ते बटाट्याच्या दोन सऱ्यांएवढं होतं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आमच्याकडे कुणीही कुठंही फेकतो. या एका बाबतीत मात्र ती शोभते. दोन्हीकडे गाडीची रुंदी मातीनं ठरवली.

हीच जीप आपल्याकडे आली ती महिंद्रांमार्फत. 1945 मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पेढी निघाली. तिच्यातले मोहम्मद म्हणजे गुलाम मोहम्मद, जे त्याआधी निजामाच्या सरकारात अर्थखातं सांभाळत होते, म्हणजे आमच्या परभणीच्याही तिजोरीचा हिशोब त्यांच्याकडे होता. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये पेढीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. माझगावात विलिज जीपची जुळणी सुरू झाली. 1948 च्याच सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन आमचा जिल्हा निजामाच्या राज्यातून मोकळा झाला.

इथं माझ्या मते या साऱ्या इतिहासाला एक वळण लागलं. अमेरिकेत शेतकऱ्याची म्हणून विकलेली गाडी परभणीत आली ती साहेबाची म्हणून. 2 ऑक्टोबर 1952 रोजी समूह विकास योजना सुरू झाली, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे सरकारचं खेड्यातलं रूप झालं. गावात जीप आली की पोरं धुरळ्यात मागं धावायची आणि मोठी माणसं, विशेषतः ज्यांच्याकडे वसुली बाकी, ती रानाकडे निघायची. 1976 साली नसबंदीच्या मोहिमेत तर जीपचा आवाज ऐकून तुरीत लपलेल्या माणसांच्या गोष्टी मी कितीतरी तोंडून ऐकल्या. शेतीची गाडी म्हणून जन्मलेल्या यंत्राची अशी दहशत बसली, की आमच्या शेतकऱ्याला आपण कधी ती घेऊ असं वाटलंच नाही. गरिबी हे कारण होतंच, पण एकटं ते नव्हतं. ट्रॅक्टर त्याहून महाग असून काहींनी कर्ज काढून घेतला.

मधल्या काळात रस्ते झाले. 1943 च्या नागपूर आराखड्यात खेडी रस्त्यांनी जोडायची कल्पना होती, पण आमच्याकडे खडी पडली ती बव्हंशी 1972 च्या दुष्काळात. रोजगार हमीवर बाया-माणसांनी उन्हात बसून फोडलेली ती खडी. माझी आई त्यात होती. ज्या रस्त्यावरून पुढं वीस वर्षांनी काळी-पिवळी जीप माणसं कोंबून धावली, त्यातल्या एका रस्त्याचा थर आईच्या हातचा आहे, आणि तिनं त्या जीपमध्ये बसताना कधी भाडं कमी करून घेतलं नाही याची मला आजही गंमत वाटते.

शेतकऱ्याच्या हाती जीप आली ती लिलावातून. सरकारी खात्यांनी मोडीत काढलेल्या पेट्रोलच्या जीपा ऐंशीच्या दशकात स्वस्तात मिळू लागल्या. पेट्रोल कुणाला परवडणार? म्हणून पहिलं काम इंजिन उपटून डिझेल बसवण्याचं. हे तसं फार उफराटं नव्हतं, कारण खुद्द महिंद्राच्या पहिल्या डिझेल जीपचं इंजिन इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनावरून बेतलेलं होतं. प्यूजोचं इंजिन नंतर आलं. दुसरं काम, पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा काढून ठेवण्याचं. चारही चाकं ओढणारी गाडी हीच जिची ख्याती, तिची दोन चाकं लोक सोडवून ठेवत, कारण डिझेल जास्त लागायचं. मग पावसाळ्याच्या तोंडी तोच दांडा घेऊन दुकानात यायचे, "याचा क्रॉस आहे का?" म्हणून. पुन्हा तेच, हंगामाप्रमाणे गाडी घालायची आणि काढायची. मागं हूक, हूकाला दोन चाकी ट्रॉली, वर कॅरिअर, पाट्यांत एक-दोन पानं जास्त. हे सारं करणारे हात बहुतेक वेळा सुतार-लोहारांच्याच घरातले होते. भाता जाऊन वेल्डिंगचं मशीन आलं होतं. फरक एवढाच, की मजुरी आता रोख होती आणि जबाबदारी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत.

जीपची एक अडचण मात्र कोणत्याही वेल्डरला सोडवता आली नाही. जुन्या विलिज बांध्याच्या जीपच्या दोन चाकांतलं अंतर सुमारे 49 इंच, म्हणजे चार फूट एक इंच. आमच्या चाकोरीपेक्षा आठ इंच कमी. कोरड्यात चाललं. पावसात एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या वरंब्यावर, की गाडी कलती, आणि पोट मातीला टेकलं की संपलं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. 1988 च्या पावसाळ्यात वडिलांच्या छातीत रानात कळ आली. मी अठरा वर्षांचा होतो. गावातून धावत जाऊन भाड्याची जीप आणली, ती शेतापासून अर्ध्या कोसावर अशीच कलून बसली. ड्रायव्हर तरबेज होता, त्याचा दोष नव्हता. शेवटी आमच्याच गड्यानं गाडी जुंपली, साट्यात कडबा अंथरून वडिलांना निजवलं आणि बैल त्या चाकोरीतून अंधारात, कुणी हाकलं नाही तरी, नीट डांबरीपर्यंत आले. मग दुसरी फेरी करून त्याच बैलांनी जीपही ओढून काढली. वडील त्या वेळी वाचले. पुढं 2011 पर्यंत त्यांनी बैल विकू दिले नाहीत. लोक त्याला हट्ट म्हणत, मीही म्हणायचो.

त्यानंतरचा भाग वाचकांच्या डोळ्यांसमोरचा आहे. 2000 साली बोलेरो, 2005 साली टाटांचा छोटा हत्ती, आणि मग पिकअप. भाजीपाला, दूध, शेळ्या, मोसंबी सगळं त्यांवरून मोंढ्याकडे निघालं. ट्रॅक्टर-ट्रॉलीही घरोघरी झाली. लोखंडी धावेच्या गाड्या आधी टायरच्या झाल्या आणि मग दिसेनाशा झाल्या.

आणि गाडी करून घेण्याची जुनी रीत कायद्याच्या कचाट्यात सापडली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकानं बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम अधिक काटेकोर करून सांगितलं. कायद्यामागचं कारण मला मान्य आहे. हौद्याच्या बाजू दोन फूट वाढवून ऊस आणि माणसं भरलेल्या गाड्या उलटताना मी पाहिल्या आहेत. पण कंपनीचा आराखडा काढणाऱ्यानं जुलैमधली आमची वाट पाहिलेली नसते, हेही खरं आहे. म्हणून मी जाळी वेल्ड न करता बोल्टवर बसवली. ती वाढीव बांधणी धरायची की भरलेला माल, हे त्या दिवशी रस्त्यात उभ्या असलेल्या साहेबावर अवलंबून राहील.

गाडी तयार झाल्यावर सवयीनं टेप लावला. मागच्या दोन चाकांतलं अंतर आमच्या जुन्या गाडीच्या जवळपास निघालं, इंचभराचा फरक. मला उगाच आनंद झाला. वडील असते तर सांगितलं असतं.

मग मृगाच्या आधी गाडी घेऊन रानात गेलो, तेव्हा कळलं की चाकोरीच राहिलेली नाही. गाव नकाशात आमची पाणंद दुहेरी रेषेनं दाखवली आहे. भूमापनाच्या जुन्या हिशोबात पायवाट सव्वाआठ फुटांची आणि गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फुटांची धरतात. तेहतीस फुटांच्या साखळीचे हे भाग. बैलगाड्या बंद झाल्यावर दोन्हीकडचे बांध दरवर्षी एकेक तास आत सरकत गेले. त्यात एक बांध माझाही आहे, हे टेप हातात असताना कबूल करावं लागलं. सगळ्यात अरुंद जागी मोजलं तर सात फूट दोन इंच. आरसे मिटले तर पिकअप जेमतेम निघते. सोयाबीन काढायचं यंत्र आणायचं तर प्रश्नच नाही. शासनानं 2021 मध्ये मातोश्रींच्या नावानं पाणंद रस्त्यांची योजना काढली आहे, पण तिच्यात रस्ता मोकळा झाल्यावर खडी पडते. मोकळा करायचा तो आपणच.

मी माझा बांध मागं घेतला. चार तास तूर मोडली. शेजारच्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. रस्ता मोकळा करून मिळावा म्हणून तहसीलमध्ये अर्ज दिला आहे. सोबत गाव नकाशाची नक्कल आणि गोठ्यातल्या जुन्या गाडीचं माप जोडलं आहे. कारकुनानं ते दुसरं कागद पाहून विचारलं, "हे कशाला?" मी म्हटलं, राहू द्या. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.